औषधाचे अतिसूक्ष्म वाहन आणि रुग्णाची सुरक्षितता

सन २०२१ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी एका औषधाचे नाव प्रथमच ऐकले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून जेमतेम सावरलेल्या रुग्णांच्या नाकात, डोळ्यांच्या खोबणीत आणि जबड्यात म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य रोग दिसू लागला. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ असे नाव दिले. या रोगावरील ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी’ या इंजेक्शनासाठी रुग्णांचे नातेवाईक छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद शहरात, एका औषध दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडत होते. तुटवडा एवढा वाढला की औषधाचे वाटप शासकीय यंत्रणेमार्फत करावे लागले, आणि पुरवठ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेही आला.

हा रोग वेगाने पसरणारा असला तरी त्याचे मूळ एका दीर्घकालीन रोगात होते. केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी २८ जून २०२१ रोजी दिलेल्या माहितीनुसार देशात तोवर ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती आणि ३,१२९ रुग्ण दगावले होते. एकूण रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते, तर सुमारे ५३ टक्के रुग्णांना स्टिरॉइड औषधे देण्यात आली होती.

त्या दिवसांत औषध मिळते की नाही, याच एका प्रश्नाकडे सर्वांचे लक्ष लागलेले असणे स्वाभाविक होते. परंतु त्या औषधाच्या नावामागे ‘लायपोसोमल’ हा शब्द का लावलेला असतो, साध्या ॲम्फोटेरिसिनहून ते वेगळे कसे, आणि तो वेगळेपणा ध्यानात न घेतल्यास काय घडू शकते, हे प्रश्न मागे पडले. मधुमेह, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या रोगांच्या उपचारांत या प्रकारची औषधे आता वाढत्या प्रमाणात येत आहेत. म्हणून या प्रश्नांचा विचार शांतपणे होणे अगत्याचे आहे.

अब्जांश कण म्हणजे काय?

एका मीटरचे एक अब्ज समान भाग केले असता त्यातील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. मराठीत या तंत्राला ‘अब्जांश तंत्रज्ञान’ असे नाव आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ८० हजार नॅनोमीटर, तर रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७ हजार नॅनोमीटर असतो. औषध वाहून नेणारे कण बहुधा १० ते काही शे नॅनोमीटर एवढ्या आकाराचे असतात. म्हणजे तांबडी पेशी बैलगाडीएवढी मानली, तर हा कण त्या गाडीत ठेवलेल्या एखाद्या लिंबाएवढा ठरावा.

अशा कणांचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत जुना व परिचित प्रकार म्हणजे लायपोसोम. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांना १९६० च्या दशकाच्या आरंभी असे आढळले की, पेशीच्या आवरणात असणारे विशिष्ट स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळले असता ते आपोआप पोकळ गोळ्यांचे रूप घेतात. या गोळ्यांच्या पोटात किंवा भिंतीत औषध साठविता येते. प्रथिने, शर्करायुक्त लोह, विघटनशील प्लास्टिक यांपासूनही असे कण तयार करता येतात. पुण्यात विकसित झालेल्या आणि जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापरास मान्यता मिळालेल्या देशातील पहिल्या एमआरएनए लसीतही स्निग्ध पदार्थांच्या अशाच कणांचा उपयोग केलेला आहे.

औषध मोकळे सोडण्याऐवजी वाहनात बसवून पाठविण्याचा हेतू उघड आहे. मोकळे औषध रक्ताबरोबर सर्वत्र जाते आणि रोगाच्या जागेबरोबरच निरोगी अवयवांवरही परिणाम करते. वाहनातले औषध तुलनेने सावकाश सुटते आणि काही प्रमाणात हव्या त्या जागी अधिक पोचते.

जुने औषध, नवे वाहन

ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध नवे नव्हे. मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते १९५० च्या दशकात मिळविण्यात आले. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला ते भोके पाडते व बुरशी मरते. मात्र माणसाच्या पेशींचे आवरणही रचनेने काहीसे तसेच असल्याने मूत्रपिंडाला या औषधाची मोठी झळ बसते. रक्तातील पोटॅशियम घटते, थंडी वाजून ताप भरतो. मधुमेहाने ज्याची मूत्रपिंडे आधीच दुबळी झाली आहेत, अशा रुग्णाला हे औषध देणे म्हणजे एक संकट टाळताना दुसऱ्याला आमंत्रण देण्यासारखे होते.

हेच औषध लायपोसोममध्ये बसविल्यावर चित्र पालटले. १९९० पासून युरोपात आणि १९९७ पासून अमेरिकेत असे औषध उपलब्ध झाले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६८७ रुग्णांमध्ये दोन्ही रूपांची तुलना करण्यात आली. उपचाराचे यश दोन्हींत जवळजवळ सारखे, सुमारे निम्म्या रुग्णांत, दिसून आले. परंतु मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण साध्या औषधात ३४ टक्के, तर लायपोसोमल औषधात १९ टक्के होते.

या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात व के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने भारतीय बनावटीचे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन विकसित केले. परदेशी औषधाची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर असताना हा प्रयत्न झाला, हे त्याचे विशेष होय. बिहारमध्ये काळा आजारावर या प्रकारच्या औषधाने जे साधले, तेही उल्लेखनीय आहे. तेथील रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लायपोसोमल औषधाच्या केवळ एका मात्रेने सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे झाले. साध्या औषधाने तेवढाच गुण येण्यासाठी २९ दिवसांत १५ वेळा ते शिरेवाटे द्यावे लागत होते.

धोका नाहीसा होत नाही, जागा बदलतो

वरील आकडे आशादायक असले तरी त्यांतूनच एक सावधगिरीचा धडा मिळतो. मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण ३४ वरून १९ टक्क्यांवर आले. ते शून्यावर आले नाही. म्हणूनच लायपोसोमल औषध चालू असतानाही रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम यांची वारंवार तपासणी आवश्यक असते. ‘हे नवे औषध आहे, याने किडनीला काही होत नाही’ असे म्हणून तपासणी टाळणे घातक ठरू शकते.

कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन या औषधाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मोकळ्या स्वरूपातील हे औषध हृदयाच्या स्नायूला अपाय करते. लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिनला १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हृदयाला होणारा अपाय पुष्कळ कमी झाला. तथापि हे कण रक्तात दीर्घकाळ फिरत राहिल्याने औषध तळहात व तळपायांच्या त्वचेत उतरते. तेथे लाली येते, आग होते, कातडी सोलवटते. हृदयावरील भार उतरला, पण तळहातावर नवा त्रास उमटला. शेतात किंवा यंत्रावर हातांनी काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

तिसरा धोका औषध चढविताना पहिल्या काही मिनिटांतच संभवतो. शरीराची संरक्षक यंत्रणा कणाला परका जीव समजून त्याच्यावर तुटून पडते. छातीत आवळल्यासारखे वाटणे, धाप लागणे, चेहरा लाल होणे, पाठीत कळ येणे ही त्याची लक्षणे होत. पूर्वी ते औषध कधीही घेतलेले नसतानाही ही प्रतिक्रिया उद्भवू शकते. लोहाचे कण असलेल्या फेरुमॉक्सिटॉल या औषधाबाबत गंभीर, क्वचित प्राणघातक प्रतिक्रिया आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१५ मध्ये वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापणे बंधनकारक केले. म्हणून अशी औषधे सावकाश देणे, रुग्णाजवळ परिचारिका असणे आणि तातडीच्या उपचारांची सामग्री हाताशी असणे या गोष्टींना पर्याय नाही.

दीर्घकालीन रोगांच्या संदर्भात आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतून जे कण निसटू शकत नाहीत, ते प्रामुख्याने यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी गिळतात. स्निग्ध पदार्थांचे कण तेथे विघटित होतात. परंतु धातूंचे किंवा सहजी न विरघळणाऱ्या पदार्थांचे कण साठून राहण्याची शक्यता असते. आठ दिवसांच्या उपचारात जे निर्धोक ठरते, ते आठ वर्षांच्या उपचारातही तसेच ठरेल असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी दीर्घकाळाच्या नोंदी लागतात आणि त्या नोंदी रुग्णालयांतून व आरोग्य केंद्रांतूनच येतात.

नाव एक, मात्रा निराळी

औषधाच्या गुणाइतकाच त्याच्या हाताळणीतील चुकीचा धोका मोठा असतो. साधे ॲम्फोटेरिसिन देताना दिवसाची मात्रा दर किलो वजनामागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक होऊ देत नाहीत. म्युकरमायकोसिसमध्ये लायपोसोमल औषध मात्र सामान्यतः दर किलोमागे ५ मिलिग्रॅम व काही रुग्णांत त्याहूनही अधिक दिले जाते.

समजा, रुग्णाचे वजन ६० किलो आहे. लायपोसोमल औषधाची त्याची दिवसाची मात्रा ३०० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, इतकी होईल. तुटवड्याच्या काळात लायपोसोमल कुप्या मिळाल्या नाहीत आणि त्यांच्या जागी साध्या औषधाच्या सहा कुप्या कोणी आणून दिल्या व त्या तशाच चढविल्या गेल्या, तर रुग्णाला कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक औषध मिळेल. अशा चुकीमुळे हृदय व श्वसन बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. दोन्ही कुप्यांवर ‘ॲम्फोटेरिसिन-बी ५० मि. ग्रॅ.’ हीच अक्षरे असतात. फरक असतो तो एका विशेषणाचा, आणि जीव अवलंबून असतो तो त्या विशेषणावर.

ॲम्फोटेरिसिनची स्निग्ध पदार्थांतील रूपेही एकाहून अधिक आहेत. मे २०२१ च्या अखेरीस वर्धा येथे या औषधाच्या इमल्शन स्वरूपातील इंजेक्शनांचे उत्पादन सुरू झाले आणि तुटवड्याच्या काळात राज्याला त्याचा आधार मिळाला. परंतु लायपोसोमल, लिपिड कॉम्प्लेक्स, इमल्शन आणि साधे ही चारही रूपे परस्परांच्या जागी आपल्या मनाने वापरावयाची नसतात. रूप बदलले की मात्रा डॉक्टरांनी नव्याने ठरवावी लागते. औषधपत्रात, साठा-नोंदवहीत आणि मागणीपत्रात औषधाचे पूर्ण नाव त्याच्या रूपासह लिहिण्याचा आग्रह त्यासाठीच धरला पाहिजे.

‘सलाईन’ या शब्दाचा घोटाळा

ग्रामीण भागात शिरेवाटे चढविल्या जाणाऱ्या कोणत्याही बाटलीला सरसकट ‘सलाईन’ म्हणण्याची पद्धत आहे. बाटलीत मिठाचे पाणी असो की ग्लुकोजचे, बोलण्यात ते सलाईनच. एरवी निरुपद्रवी असणारी ही सवय अब्जांश कणांच्या बाबतीत हानिकारक ठरू शकते.

लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन सामान्यतः ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या द्रावणात मिसळावयाचे असते. असे औषध मिठाच्या द्रावणात मिसळल्यास त्याचा साका बनू शकतो. याउलट आयर्न सुक्रोज हे लोहाचे इंजेक्शन केवळ ०.९ टक्के मिठाच्या द्रावणातच मिसळतात. आयर्न सुक्रोज हे नाव ग्रामीण आरोग्य सेवेत परिचयाचे आहे. तीव्र रक्तक्षय असलेल्या गर्भवती स्त्रियांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना डायलिसिसच्या वेळी ते दिले जाते. लोहाच्या सूक्ष्म गाभ्याभोवती साखरेचे आवरण अशी त्याची रचना असल्याने तेही अब्जांश कणांचेच औषध होय. म्हणजे अब्जांश औषध हा केवळ मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयाचा विषय राहिलेला नाही.

तापमानाचेही तसेच आहे. कणांची रचना नाजूक असते. बर्फाच्या खणात ठेवून गोठलेली किंवा मे महिन्याच्या उन्हात मोटारीत राहिलेली कुपी बाहेरून पूर्वीसारखी दिसेलही, पण आतील कण फुटलेले किंवा एकमेकांना चिकटलेले असतील. फुटलेल्या लायपोसोममधून सुटलेले औषध पुन्हा साधेच औषध ठरते. मात्रा मात्र लायपोसोमलची दिलेली असते. वेष्टनावरील तापमानाची सूचना ही या दृष्टीने उपचाराचाच भाग समजावयास हवी. काही औषधांची तयारीही विशेष असते. वर उल्लेखिलेले भारतीय बनावटीचे औषध देण्यापूर्वी त्याची कुपी ध्वनिलहरींच्या यंत्रात सुमारे ४५ मिनिटे ठेवावी लागते. ही पायरी गाळल्यास कण योग्य आकाराचे होत नाहीत.

सारखे औषध खरोखरच सारखे असते काय?

साध्या गोळीच्या बाबतीत मूळ औषध व त्याची स्वस्त प्रतिकृती यांतील रासायनिक घटक एकच असल्याची खात्री झाली आणि ते रक्तात सारखेच उतरते असे दिसले की काम भागते. अब्जांश औषधात रासायनिक घटकाबरोबर कणाचा आकार, त्याचे आवरण, त्यावरील विद्युतभार आणि औषध सुटण्याचा वेगही सारखा असावा लागतो.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका अभ्यासात डायलिसिसवरील ७५ रुग्णांना मूळ आयर्न सुक्रोजऐवजी त्याची प्रतिकृती देण्यात आली. त्यानंतर हिमोग्लोबिन किंचित घटले आणि लोहाची मात्रा सुमारे एक-तृतीयांशाने वाढवावी लागली. यावरून प्रतिकृती औषधे त्याज्य असतात, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. डॉक्सोरुबिसिनच्या मूळ लायपोसोमल औषधाचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये एका भारतीय कंपनीच्या औषधाच्या आयातीस तात्पुरती परवानगी दिली. पुढील वर्षी त्याच कंपनीच्या प्रतिकृतीस तपासणीअंती रीतसर मान्यताही मिळाली. तेव्हा स्वस्त औषध चांगले असू शकते. मात्र ते सारखे असल्याचे सिद्ध झालेले असावे लागते.

कायदा आणि नियमन

भारतात या संदर्भात दोन महत्त्वाच्या गोष्टी २०१९ साली घडल्या. त्या वर्षीच्या ‘नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमां’नुसार औषध वाहून नेण्याची कोणतीही नवीन पद्धती वापरलेले औषध ‘नवे औषध’ समजले जाते. इतर नव्या औषधांचा हा दर्जा परवानगीपासून चार वर्षांनी संपतो. नव्या वाहनातील औषधांचा दर्जा मात्र कायम राहतो. परिणामी औषध कितीही जुने असले तरी अशा उत्पादनासाठी केंद्रीय औषध प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना यांच्या सहकार्याने अब्जांश औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कणांचे स्वरूप, स्थिरता, प्राण्यांवरील व माणसांवरील चाचण्या आणि बाजारात आल्यानंतरची देखरेख यांचा विचार त्यांत केलेला आहे.

‘नॅनो’ या शब्दाचे आकर्षण व्यापारातही वाढले आहे. मधुमेह मुळासकट घालविणारी भुकटी, कर्करोग विरघळविणारे थेंब अशा वस्तूंच्या वेष्टनावर हा शब्द छापला म्हणजे ती मान्यताप्राप्त अब्जांश औषधे होत नाहीत. त्यांतील अनेक वस्तू केवळ अन्नपूरक म्हणून परवाना घेतलेल्या असतात. त्यावर औषधाचा परवाना क्रमांक नसून अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या अधिनियमाने मधुमेह, कर्करोग आदी रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. अशी जाहिरात आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

गावपातळीवरील कर्तव्य

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे लोकांच्या परिचयाची ‘घाटी’, आणि तेथील शासकीय कर्करोग रुग्णालय येथे संपूर्ण मराठवाड्यातून, तसेच शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. उपचार शहरात होतो. परंतु रुग्ण राहतो गावात. औषधाचा उशिरा दिसणारा परिणाम गावातच प्रकट होतो आणि तो प्रथम घरच्या माणसांच्या, आशा कार्यकर्तीच्या किंवा शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडतो.

म्हणून काही साध्या गोष्टींचा आग्रह धरणे उचित ठरेल. रुग्णालयातून घरी परतताना दिलेल्या कागदावर औषधाचे नाव त्याच्या रूपासह, मात्रा, तारीख आणि कुपीचा बॅच क्रमांक लिहून घ्यावा व तो कागद जपून ठेवावा. लघवी कमी होणे, अंगावर सूज येणे, छातीत धडधडणे, स्नायूंना अतिशय अशक्तपणा जाणवणे, तळहात-तळपाय सोलवटणे अशी लक्षणे दिसल्यास ‘औषध उष्ण पडले’ म्हणून घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांना दाखवावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीचे तापमान दररोज नोंदले जाते किंवा नाही, वीज गेल्यावर काय व्यवस्था आहे, याची विचारणा ग्रामपंचायत सदस्यांना गावाच्या आरोग्य समितीच्या बैठकीत करता येईल.

दुष्परिणामांची नोंद हा यातील कळीचा भाग आहे. देशात २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम चालू असून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगात आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांच्याप्रमाणेच स्वतः रुग्णही तेथे माहिती कळवू शकतो. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. दुष्परिणाम औषधामुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळविणाऱ्यावर नसते. शंका पुरेशी असते. एका गावातील एक नोंद किरकोळ वाटेल, परंतु अशा शेकडो नोंदी एकत्र आल्यावरच एखाद्या औषधाचा छुपा दोष उघड होतो.

विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांनाही या विषयात मोठे कार्य करता येण्यासारखे आहे. मिठाचे पाणी व साखरेचे पाणी दिसायला सारखे असूनही त्यांचे गुण वेगळे असतात, दुधात लिंबू पिळताच त्यातील सूक्ष्म कण एकत्र येऊन ते फाटते, हे प्रयोग शाळेत सहज करता येतात. चुकीच्या द्रावणात औषधाचा साका का बनतो, हे ज्या मुलाने फाटलेल्या दुधावरून समजून घेतले, तो उद्या आपल्या आजीच्या खाटेजवळ उभा असताना बाटलीवरील अक्षरे वाचून पाहील. प्रयोगशाळेत तयार झालेला कण रुग्णाच्या शिरेत जाईपर्यंत अनेक हातांतून जातो. कारखाना, गोदाम, वाहन, शीतपेटी आणि परिचारिका यांपैकी एखाद्या ठिकाणी चूक झाली, तर ती पकडण्याची शेवटची संधी खाटेजवळ उभ्या असलेल्या अशा माणसालाच मिळते.